डाव्या पायाचा अंगठा

धरमपेठ, नागपूर
२८ जानेवारी १९३५

प्रिय चंद्रभान,

तुझ्या कुस्तीला मला येता येत नाही, हे आधीच लिहून टाकतो. वसंतपंचमीलाच आमच्या कॉलेजात प्रॅक्टिकलच्या परीक्षा आहेत आणि पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत माझ्याशिवाय दुसरा डेमॉन्स्ट्रेटर नाही. शाळेत एका बाकावर बसलेल्या मित्राची एवढी मोठी कुस्ती, आणि मी त्या वेळी पोरांची भिंगं मोजत असणार. याची मला लाज वाटते.

तुमच्या भिवापूरच्या आखाड्याचा तो नेम मला अजूनही जुलमी वाटतो. वस्तादाने दर वसंतपंचमीला बाहेरच्या पैलवानाशी लढायचं, आणि चितपट झाला तर पुन्हा त्या मातीत उभं राहून शिकवायचं नाही. एक्केचाळिसाव्या वर्षी? पण अकरा वर्षं तू पडलेला नाहीस, तेव्हा मी उगाच काळजी करतो.

आता माझी बातमी. डिसेंबरात इथल्या व्यायाम संमेलनात मी आपल्या कामावर, कुस्तीत पायांवर भार कसा सरकतो यावर, व्याख्यान दिलं. तुला काळे कपडे घालून, अंगावर पांढऱ्या फिती शिवून काढलेले ते फोटो मी पडद्यावर दाखवले. सायकलच्या चाकावर भोकं पाडलेली पत्र्याची चकती बसवून मी ती कॅमेऱ्यापुढे फिरवत होतो, तेव्हा वहिनी म्हणाल्या होत्या, "भूत बी पयून जाईन अशानं." त्या भुताला नागपुरात टाळ्या मिळाल्या. कापसाच्या जिनातून आणलेल्या दोन वजनकाट्यांवर एकेक पाय ठेवून घेतलेली मापं आणि तुझ्या पायाचे काजळीचे ठसेही मी मांडले. तुझं नाव कुठेही घेतलं नाही. 'पैलवान क' एवढंच म्हटलं आणि फोटोच्या प्रत्येक काचेवर तुझ्या चेहऱ्याच्या जागी काळा कागद चिकटवला. याची खात्री बाळग.

कुस्ती झाली की मला आणखी सहा मापं हवी आहेत. तोवर काही बदलू नकोस. जसा लढतोस तसाच लढ.

तुझा
मनोहर

*

भिवापूर
११ फेब्रुवारी

मनोहरले चंद्रभानचा रामराम.

पडलो.

चौथ्या मिनिटाले. मौद्याचा गिरिधर नावाचा पोरगा, चोवीस वर्षांचा. तयारी चांगली हाय, पन मी त्याच्याहून तयारीचे पाडले हायेत. मी धोबीपछाड टाकाले वळणार होतो. वळलो नव्हतो अजून. त्याले पाठीवर घ्याचं फक्त माह्या मनात आलं होतं. तेवढ्यात त्यानं छातीवर हात ठेवला. धक्का बी म्हणता येत नाही त्याले, दार लोटते माणूस तसं. मंग आभाळ दिसलं.

एक गोष्ट तवाच खटकली. कुस्तीत माणूस समोरच्याच्या डोळ्याकडे पाह्यते, नाही तर खांद्याकडे. हा पोरगा सारा वेळ खाली पाहून राहिला होता. मले वाटलं, मोठ्या माणसापुढं लाजून राहिला. मंग पाया पडाले आला अन् हळूच म्हणते, "वस्ताद, डाव्या अंगठ्याले सांभाळा."

काय हाय गा माह्या अंगठ्याले? तू माहा पाय इतक्या खेपा मोजला. तुले माहीत असन तर लिही. नसन तरी लिही.

चंद्रभान

*

धरमपेठ, नागपूर
१४ फेब्रुवारी

प्रिय चंद्रभान,

तुझं कार्ड तीन वेळा वाचलं. घरी चारुशीलेला वाचून दाखवताना ती मधेच स्वयंपाकघरात निघून गेली.

अंगठ्याचं सांगतो. धोबीपछाडीसाठी तू डाव्या पायावर गिरकी घेतोस. गिरकीच्या आधी, एका सेकंदाच्या पाचव्या भागाइतका वेळ, तुझ्या डाव्या पायाचा अंगठा मातीतून वर येतो आणि सगळा भार टाचेवर जातो. काट्यावर तो स्पष्ट दिसतो, फोटोतही दिसतो. बहुधा त्या गुडघ्याला पूर्वी कधी लागलं असावं आणि शरीराने आपली सोय करून घेतली असावी. त्या क्षणी तुला समोरून नुसता हात लावला तरी तू मागे जाशील. तुला ते जाणवत नाही, कारण कोणालाच स्वतःचं असं काही जाणवत नाही.

पण चंद्रभान, ही गोष्ट माझ्याकडून मौद्याला गेलेली नाही. तुझ्या आखाड्यात काटे मांडण्याआधी तू मला जोडे काढायला लावलेस, हातात माती दिलीस आणि 'आखाड्यातलं आखाड्यात' असं म्हणवून घेतलंस. मी ते पाळलं आहे. गिरिधरचं नाव मी तुझ्या कार्डातच पहिल्यांदा वाचलं.

एक गोष्ट लिहू की नको असा विचार करत होतो. मापं घेताना तुझा थोरला शागीर्द ओमप्रकाश रोज हजर होता. डावा काटा तोच वाचून दाखवायचा. मी आरोप करत नाही. पण माणसं किती होती ते मोजलं तर तू, मी आणि तो, इतकीच होती.

तुझा
मनोहर

*

भिवापूर
१ मार्च

मनोहर भाऊजींस भागीरथाचा नमस्कार.

मी चौथीपर्यंत शिकली, तवा चुकलं तर हसू नका. हे लिहित नाहीत म्हून मी लिहून राहिली. यायले सांगतलं नाही.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी यायनं ओमप्रकाशले आखाड्यात याची मनाई केली. बारा वर्षं झाले तो पोरगा आमच्याकडं हाय. माह्या दारात उभा राहून म्हणे, "काकू, मास्तरनं आकडे वाचाले सांगतले, मी वाचले. मले कोठं माहीत त्याचा अर्थ काय होते?" मी म्हटलं, "मले बी माहीत नाही रे बाप्पा. इथं एकट्या मास्तरलेच अर्थ समजते."

सोळा तारखेले मौद्याचे नत्थूजी आले. गिरिधरचे वस्ताद. जिंकणाऱ्याच्या वस्तादानं आठव्या दिवशी हारणाऱ्याच्या घरी फेटा घेऊन याचं, अशी रीत हाय. मी चहा केला. नत्थूजीच आपले बोलत होते. म्हणे, "तुमच्या दोस्ताचे लय उपकार झाले बरं आमच्यावर. काय विद्वान माणूस! नागपुरात पडद्यावर पाय दाखवला. चार बोटांचा डावा पाय, दुसरं बोट नाही. मी म्हटलं, हा तर भिवापूरचा चंद्रभान. या मुलखात सुताराच्या वासल्यानं बोट गेलेला दुसरा पैलवान कोन हाय?"

हे म्हणाले, "तोंड झाकलं होतं म्हणते तो."

नत्थूजी हासले. "तोंड कोन पाह्यते वस्ताद? मी उभं राहून विचारलं, मास्तर, अंगठा उठल्यावर गडी किती वेळ कच्चा राहते? तर त्याईनं खडू घेतला अन् फळ्यावर काढून देल्लं. कोनत्या बाजूनं हात लावाचा ते बी." मंग यायच्या तोंडाकडं पाहून थांबले. म्हणे, "मले वाटलं तुमाले माहीत असन. दोस्तानं आधी तुमालेच नाही सांगतलं?"

हे उठून बाहेर गेले. फेटा तसाच पाटावर राहिला.

दुसऱ्या दिवशी ओमप्रकाशच्या घरी जाऊन हे त्याच्या पाया पडले. वस्ताद असून, सारी गल्ली पाहून राहिली होती. त्याले परत आणलं. आता तो शिकवते, अन् हे बांधावर बसून राहतात, मातीच्या बाहेर.

भाऊजी, तुमी माह्या हातचं किती खेपा जेवले ते मी मोजलं नाही. तुमी मोजलं असन. तुमी सारंच मोजता. आता इकडं येऊ नका.

भागीरथा

*

धरमपेठ, नागपूर
११ मार्च

प्रिय चंद्रभान,

वहिनींचं पत्र आलं. दहा दिवस उत्तर लिहिलं नाही, कारण आधी मला माझी रोजनिशी वाचायची होती आणि ती उघडायचं धाडस होत नव्हतं. २३ डिसेंबरचं पान जसंच्या तसं उतरवतो.

'व्याख्यान एक तास दहा मिनिटं. कॉलेजातली मंडळी जांभया देत होती. शेवटी मौद्याचे कोणी नत्थूजी वस्ताद उठले. अंगठा उठल्यावर अस्थिर अवस्था किती वेळ टिकते, असा त्यांचा प्रश्न. आज आलेला सर्वोत्तम प्रश्न. आकृती काढून समजावलं. आखाड्यातल्या माणसाला माझं काम समजलं, याचा आनंद घरी येईपर्यंत पुरला.'

हे माझ्याच अक्षरात आहे. १४ फेब्रुवारीला मी तुला लिहिलं की माझ्याकडून काही गेलं नाही. ते खोटं आहे असं मला तेव्हा वाटत नव्हतं. पण पान उघडून पाहायला एक मिनिट लागलं असतं, आणि मी ते पाहिलं नाही. का पाहिलं नाही? मला मौदा हा शब्द आठवत नव्हता, की आठवायचा नव्हता? मी स्वतःला हे रोज विचारतो आहे आणि रोज वेगळं उत्तर येतं. तेवढ्यात ओमप्रकाशचं नाव मात्र मला चटकन आठवलं. ज्याने फक्त माझं काम केलं, त्याचं. त्याला मी वेगळं पत्र लिहिलं आहे.

तुझा चेहरा झाकला म्हणजे तुला झाकलं, असं मी समजलो. आमच्याकडे माणूस चेहऱ्यावरून ओळखतात. शाळेत असताना वासल्याने तुझं ते बोट तुटलं तेव्हा रक्त थांबवायला मीच धोतराचा सोगा फाडला होता. तो पाय पडद्यावर बैलगाडीच्या चाकाएवढा लावताना मला त्यात फक्त अंगठा दिसत होता.

मातीची शपथही माझ्या रोजनिशीत आहे. ११ मे. 'आत जाण्यापूर्वी एक जुना विधी झाला, नंतर हात धुतले.' इतकंच.

आता जे करता येईल ते केलं आहे. काल रविवारी मोटारीने मौद्याला गेलो. नत्थूजींनी मोठ्या आदराने बसवलं. मी दोन तास गिरिधरची मेहनत पाहिली. त्याच्यातही एक खोड आहे, तुझ्याहून मोठी. सोबतच्या बंद पाकिटात आकृतीसह लिहून दिली आहे. नेमानुसार तू शिकवू शकत नसलास तरी आव्हान देऊ शकतोस, असं मला आठवतं. पुढच्या वर्षी तो तुझ्यापुढे उभा राहिला तर तीन मिनिटंही टिकणार नाही.

क्षमा मागत नाही. मागण्याचा हक्क आहे असं वाटत नाही.

मनोहर

*

भिवापूर
१६ मार्च

मनोहरले रामराम.

पाकीट तसंच वापस करून राहिलो. उघडलं नाही. ओमप्रकाशले पाह्याले सांग, चिकटवलेलं तसंच हाय म्हून. नाही, त्याले काहून सांगशीन. तूच पाह्य.

मौद्याच्या आखाड्यात गेला तवा नत्थूजीनं तुले जोडे काढाले लावले असन. हातात माती देली असन. तिथं बी देतात. घेतली ना तू? अन् मंग हात धुऊन मले पाकीट पाठवलं.

त्या पोरानं माहं काय बिघडवलं गा? त्याले जे सांगतलं ते तो लढला. वरून पाया पडून मले सांगून बी गेला. माह्या अंगठ्याचं मले पह्यल्यांदा कोनं सांगतलं, तर त्यानं. ज्यानं पाडलं त्यानं. आता त्याचा पाय तू मले देऊन राहिला. उद्या माहा नवा पाय कोनाले देशीन?

तुह्या पत्रात साऱ्या तारखा हायेत. व्याख्यानाची हाय, मातीची हाय, मौद्याची हाय. एक नाही. माहा अंगठा उठते हे तुले कधी समजलं? ती तारीख लिही. मी कुस्तीवाला माणूस हो, कोठं वजन टाकलं नाही ते मले दिसते.

अन् माहे सारे कागद पाठव. पायाचे ठसे, काचा, आकडे, सारं. नक्कल ठेवू नको. अन् त्यासोबत तुह्या डाव्या पायाचा एक ठसा पाठव. माहे तू एवढे घेतले. एक तुहा मले पाह्याचा हाय.

चंद्रभान

*

धरमपेठ, नागपूर
२६ मार्च

प्रिय चंद्रभान,

१९ जुलै १९३४.

मे महिन्यातल्या काचा धुऊन, त्यावर रेघा आखून, काट्याचे आकडे शेजारी मांडले, त्या दिवशी समजलं. त्यानंतर नागपंचमीला मी तुझ्याकडे आलो, तुम्ही आखाड्याची माती उकरून तिच्यात ताक आणि हळद कालवत होता, मी तुझ्या पंगतीला जेवलो, आणि बोललो नाही. दिवाळीच्या सुटीत पुन्हा मापं घेतली, आणि बोललो नाही. जुलैपासून तुझ्या कुस्तीपर्यंत सहा महिने वीस दिवस होतात.

कारण लिहितो. ते कारण आहे, सबब नाही, असं म्हणणार होतो, पण आता मला त्यातला फरक सांगता येत नाही. तुला सांगितलं असतं तर तू अंगठा दाबून धरायला शिकला असतास. तू आठ दिवसांत शिकला असतास, तू तसाच आहेस. मग माझी उरलेली मापं बिघडली असती. शंभराचा आकडा पुरा व्हायला सहा कमी होती. शंभर मापांवरचा निबंध विलायतेतलं मासिक घेईल, चौऱ्याण्णवांवरचा कदाचित घेणार नाही, असा माझा हिशेब होता. म्हणून मी तुला लिहिलं, जसा लढतोस तसाच लढ. ते वाक्य मी मित्र म्हणून लिहिलं असं मला त्या दिवशीही वाटलं होतं. आज ते वाचवत नाही.

परक्या दोनशे माणसांना सांगितलं आणि ज्याचा पाय त्याला नाही. नत्थूजींना हे एका चहाच्या कपात समजलं.

रजिस्टर पार्सलात सगळं पाठवलं आहे. ठशांचे कागद एकतीस, काचा नऊ, आकड्यांच्या वह्या दोन. निबंध त्याच्या कच्च्या प्रतीसह त्यातच आहे. नक्कल नाही. रोजनिशीची पानं मात्र फाडली नाहीत. ती माझ्याविरुद्ध आहेत, म्हणून माझ्याकडे राहावीत. गिरिधरचं पाकीट मी जाळलं, आणि नत्थूजींना मी तिथे कशासाठी आलो होतो ते कळवलं.

माझा ठसाही आत आहे. चारुशीलेने तळव्याला काजळी लावून दिली. इतरांच्या पायाला मी शेकडो वेळा लावली, पण स्वतःचा पाय उघडा करून कोणाच्या हातात देताना इतकं अवघड वाटतं हे मला माहीत नव्हतं. ती म्हणाली, "हलू नका, सरळ उभे राहा." मला सरळ उभं राहता येत नव्हतं. ठसा वाळल्यावर न पाहता घडी घातली. तो तू वाच.

मनोहर

*

भिवापूर
२९ मार्च

मनोहरले रामराम.

पार्सल पोचलं. एकतीस, नऊ, दोन, बरोबर हाय. ओमप्रकाशनं मोजलं.

कागद अन् वह्या ढोरायच्या पाण्याच्या नांदीत भिजत घातल्या. लगदा झाला की मातीत कालवीन. काचा फोडल्या नाही, पोट्ट्यांच्या पायात जातीन. विहिरीमागं खोल पुरल्या. मले मातीत उभं राहून शिकवाची मनाई हाय, खोदाची नाही. रोज सकाळी पोरं याच्या आधी सारा आखाडा मीच खोदतो. माती नरम राह्यली पाह्यजे, पोरं पडतात.

भागीरथा म्हणते, लिहू नका त्याले. यानंतर लिहिणार नाही. तू बी लिहू नको.

तुहा ठसा उघडून पाह्यला. तुह्यावानी मले आकडे काढता येत नाही, पन पाय समजते. तुहा सारा भार पायाच्या बाहेरच्या कडेवर हाय. आतली बाजू कागदाले लागलीच नाही. तुह्या जोड्याची टाच बाहेरून झिजत असन, पाहून घे. जिना उतरताना डावा गुडघा दुखत असन, तू कोनाले सांगतलं नसन. मोच्याकडून टाचेच्या बाहेरच्या अंगाले चामड्याची पट्टी लावून घे. रोज अनवाणी मातीत थोडं चालत जा. नाही केलं तर दहा वर्षांत काठी लागन.

हे मी कोनाले दाखवलं नाही, ओमप्रकाशले बी नाही. कागद माह्या पेटीत हाय, तिथंच राहीन.

तुहं पार्सल आज सकाळी भेटलं. आता दुपार झाली अन् तुह्या पायाचं हे लिहून राहिलो. थांबाचं काही कारण नव्हतं.

चंद्रभान